फळ्यावर येण्याआधी ते कुठे होतं? शिक्षकांनी स्वतःच्या माध्यम-सवयी तपासायची एक पद्धत

मोबाइल कमी कसा करावा, हे इथे सापडणार नाही. ते उपाय सगळ्यांना पाठ आहेत, पाळत कुणी नाही. इथे प्रश्न दुसरा आहे. दिवसभर तुम्ही जे बघता, ऐकता, वाचता आणि पुढे ढकलता, त्यातलं काय तुमच्या तासाला पोचतं आणि कुठल्या वाटेने? उदाहरणं, चित्रं, आकडे, विनोद, 'आजकालच्या मुलांना' असं सुरू होणारं वाक्य, एखाद्या विषयावर नकळत चढणारा आवाज. यातलं बरंचसं पाठ्यपुस्तकातून आलेलं नसतं आणि टाचणात लिहिलेलंही नसतं.

लागणारं साहित्य: एक वही, पेन, दोन रंगीत पेन्सिली, सात दिवस आणि शेवटी दोन तासांची निवांत बैठक. नोंदीसाठी ॲप घेऊ नका. नोंद करायला फोन उघडला की वरच्या पट्टीत तीन नोटिफिकेशन दिसतात आणि नोंद तशीच राहते.

आधी अंदाज, मग आकडे

वहीच्या पहिल्या पानावर, कुठेही न बघता, चार उत्तरं लिहा. रोज स्क्रीनवर किती वेळ जातो? फोन दिवसातून किती वेळा उघडला जातो? सर्वांत जास्त वेळ घेणारी तीन ॲप कोणती? आणि गेल्या महिन्यात पुस्तकाबाहेरच्या ज्या गोष्टी वर्गात वापरल्या, त्यातल्या किती तुम्ही मुद्दाम शोधून आणल्या होत्या? पान दुमडून ठेवा, आठवडाभर उघडू नका.

ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका. स्वतःच्या वापराचा अंदाज आणि यंत्राने ठेवलेली नोंद यांचा मेळ बेताचाच बसतो, असं २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं. काही जण कमी सांगतात, काही जास्त. तुमचा अंदाज कुठल्या बाजूला चुकतो, हे कळलं की तुमच्या बाकीच्या मतांकडेही जरा सावधपणे बघता येतं.

मग फोनचे आकडे उतरवा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनवर 'स्क्रीन टाइम'. दोन्ही सोयी २०१८ पासून आहेत. तीन आकडे पुरेत: ॲपनुसार वेळ, फोन किती वेळा उघडला किंवा उचलला, आणि नोटिफिकेशन किती आली. आकडे वही सुरू करण्याआधीच्या आठवड्याचे घ्या. कारण वही हातात आली की माणूस पाहुण्यांसमोर वागतो तसा वागायला लागतो, त्या आठवड्याचे आकडे गुळगुळीत येतात. सोय आधी चालूच केली नसेल तर जुने आकडे मिळणार नाहीत. तेव्हा आज चालू करा, वही पुढच्या आठवड्यात.

हे आकडे वाचताना तीन ठिकाणी फसायला होतं. फोन घरातलं दुसरं कुणी वापरत असेल तर त्यांचा वेळ तुमच्या नावावर पडतो. वर्गात फोनवरून दाखवलेला व्हिडिओ तुमच्या 'करमणुकीत' मोजला जातो. आणि टीव्ही, वर्तमानपत्र, रेडिओ, शाळेतला संगणक यांचा त्या आकड्यांत पत्ताच नसतो. म्हणून वही लागते.

सात दिवसांची वही

पाच कामाचे दिवस आणि दोन सुट्टीचे असा आठवडा निवडा. परीक्षेचा किंवा घरच्या कार्याचा आठवडा नको. पानावर पाच रकाने आखा: केव्हा, काय, किती वेळ, कशामुळे, वर्गात काय गेलं. एखादं पान असं दिसेल:

सकाळी ६:५० / शिक्षकांच्या ग्रुपवरचे मेसेज / १० मि. / गजर बंद करायला फोन घेतला / एक आकडा आवडला, तिसऱ्या तासाला सांगितला.

दुपारी १:१५ / शॉर्ट्स / २५ मि. / जेवताना, आपोआप / काही नाही.

रात्री ९:४० / ज्वालामुखीवरचा माहितीपट / ४० मि. / उद्याच्या धड्यासाठी शोधला / ३ मिनिटांचा तुकडा निवडला.

रात्री ११:०५ / बातम्या, मग त्याखालच्या कमेंट / ३५ मि. / झोप येत नव्हती / सकाळी पहिल्या तासाला चिडचिड. संबंध आहे का, सांगता येत नाही.

शेवटच्या ओळीतलं 'सांगता येत नाही' तसंच ठेवायचं. ओढूनताणून कारण लावायचं नाही.

वही दिवसातून तीनदा भरा: मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, झोपताना. प्रत्येक वेळी पाच मिनिटं. दर वेळी फोन ठेवताना नोंद करायचं ठरवलंत तर दुसऱ्या दिवशीच कंटाळा येईल. उलट, रविवारी बसून सगळा आठवडा आठवून लिहिला तर ती नोंद नसते, कल्पनाविस्तार असतो. पार्श्वभूमीला चालू असलेला टीव्ही आणि प्रवासात कानात वाजणारं पॉडकास्टही लिहा. लक्ष नसतं असं वाटतं, पण वर्गात तोंडात येणारी वाक्यं पुष्कळदा तिथलीच असतात.

सर्वांत मोलाचा रकाना चौथा, 'कशामुळे'. तिथे 'सवयीने' असं लिहून मोकळं होऊ नका. त्याआधीच्या मिनिटाला काय घडलं ते लिहा: पेपर तपासायचा गठ्ठा समोर होता, मीटिंग लांबली, पालकांचा फोन येऊन गेला. आणि 'वाया गेला', 'फालतू', 'चांगला वापर' असले शेरे नकोत. शेरे मारायला लागलं की माणूस गुणांसाठी लिहितो, आणि शिक्षकाला तर ते जास्तच जमतं.

वही वाचायची कशी

आठव्या दिवशी दुमडलेलं पान उघडा आणि वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर टाका. 'शो' म्हणजे शोधून गेलो. 'स' म्हणजे ॲपने सुचवलं, आपोआप पुढे आलं. 'फ' म्हणजे कुणीतरी फॉरवर्ड केलं. 'चा' म्हणजे नुसतं चालू होतं. मग रंगीत पेन्सिलीने पाचव्या रकान्यात काही असलेल्या ओळी रंगवा. आता बघायचं इतकंच: रंगलेल्या ओळींपुढे कुठलं अक्षर जास्त आहे? वर्गात गेलेल्या गोष्टींत 'स' आणि 'फ' भरपूर असतील, तर तुमच्या अध्यापनातली निवड काही अंशी दुसरंच कुणी करतं आहे. ते वाईटच असेल असं नाही. ठाऊक मात्र हवं.

दुसऱ्या रंगाने आणखी एक मोजणी करा. कुठल्याही दहा नोंदी घ्या आणि प्रत्येकीत बोलणारं कोण होतं ते लिहा: बाई की पुरुष, कुठल्या भाषेत, शहरातलं की गावातलं, त्या विषयात काम करणारं की त्यावर मत देणारं. दहाच्या दहा नोंदींत एकाच प्रकारची माणसं बोलत असतील, तर तुमच्या शाब्दिक गणितांतली, उदाहरणांतली आणि नाटुकल्यांतली माणसंही बहुधा तशीच निघतात. ताडून बघायला मागच्या चाचणीचा पेपर काढा.

उलटा प्रवास: पाच तास घ्या

इथपर्यंतचं काम म्हणजे तयारी. खरा उपयोग आता होतो. गेल्या दोन आठवड्यांतले कुठलेही पाच तास निवडा. प्रत्येकात पुस्तकाबाहेरचं जे जे बोललात, दाखवलंत, फळ्यावर काढलंत, ते लिहा आणि प्रत्येकापुढे 'हे मला कुठे मिळालं?' याचं उत्तर लिहा. 'कुठेतरी वाचलं होतं' हेही उत्तर चालेल, पण त्याला फुली मारून बाजूला ठेवा. फुल्या मारलेल्या गोष्टींपैकी एक घेऊन तिचा माग काढा.

नमुना म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात सतत दिसणारा शंकू किंवा पिरॅमिड घ्या: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहून ऐकलेलं ५०, आणि स्वतः केलेलं ९० टक्के. खाली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव. चित्र देखणं असतं, मनाला पटतंही, म्हणून ते पुढे जातं. डेल यांचा अनुभवशंकू खरा आहे. १९४६ साली दृक्‌श्राव्य साधनांवरच्या पुस्तकात त्यांनी तो मांडला. पण त्यात टक्केवारी नव्हती. प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांसारख्या अमूर्त गोष्टींपर्यंतची साधनांची ती मांडणी होती, आणि ती फार काटेकोर समजू नका असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं. आकडे नंतर चिकटले. ते कुठल्याही मोजणीतून आलेले नाहीत.

हे ओळखायला तज्ज्ञ असावं लागत नाही. एक खूण चित्रातच आहे: १०, २०, ३०, ५०, ९०. प्रत्यक्ष मोजणी केली की १३ येतात, ४७ येतात. सगळे आकडे दहाच्या पटीत आले की थांबायचं. दुसरी खूण म्हणजे प्रश्न विचारून बघायचा: काय वाचल्यावर, किती दिवसांनी, कुणाच्या? ज्या आकड्याला या तिन्हीपैकी एकही उत्तर नाही, तो आकडा नाही. 'प्रत्येक मुलाची दृश्य, श्राव्य किंवा कृतिशील अशी शैली असते, त्याच शैलीत शिकवलं तर जास्त शिकतं' हे विधानही याच वर्गातलं. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळून पाहिलं, तेव्हा तसं शिकवण्याला आधार देण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. तरी हे विधान ग्रुपवर फिरतंच, कारण ते ऐकायला मुलांच्या बाजूचं वाटतं.

माग काढण्याची रीत अशी. ज्या पानावर किंवा मेसेजात गोष्ट सापडली, तिथे रेंगाळू नका. नवीन टॅब उघडा आणि दुसरे लोक त्या पानाबद्दल, त्या दाव्याबद्दल काय म्हणतात ते बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०१७ च्या एका अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. तपासनीस झटकन पानाबाहेर पडून इतरत्र शोधत. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर बसून वाचत राहिले, आणि नीटस मांडणीला, भारदस्त नावाला फसले. शिक्षकांची सवयही नीट, पूर्ण वाचण्याची असते. एरवी तो गुण, इथे अडचण.

चित्र असेल तर गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाका आणि सर्वांत जुनी प्रत शोधा. व्हॉट्सॲपवर मेसेजला दोन बाण दिसले तर तो किमान पाच चॅटमधून हात बदलत आलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. खरं की खोटं, हे बाण सांगत नाहीत. एका गोष्टीला २० मिनिटं द्या. तेवढ्यात मूळ सापडलं नाही तर ती वर्गात वापरायची नाही, वहीत 'मूळ सापडलं नाही' लिहायचं आणि पुढे जायचं. सगळ्या फुल्यांचा माग एकाच रात्री काढायला बसू नका. तिसऱ्यापर्यंत डोळे मिटतात आणि 'असेल बरोबर' म्हणून खूण केली जाते.

आधीच शिकवून झालेली गोष्ट चुकीची निघाली तर? पुढच्या तासाला दोन मिनिटं द्या, कुठे मिळाली होती आणि कशी तपासली ते फळ्यावर दाखवा. मुलांसाठी हा तपासणीचा सर्वांत चांगला नमुना ठरतो, आणि त्याला वेगळा धडा लागत नाही.

कुठल्या सवयी आडवाटेने वर्गात येतात

वेग. घरी व्हिडिओ दीडपट किंवा दुप्पट वेगाने बघायची सवय असेल, तर वर्गासाठी निवडलेला तुकडाही तुम्ही तसाच बघता. दुप्पट वेगाने १२ मिनिटांचा तुकडा ६ मिनिटांत संपतो आणि टाचणात ६ मिनिटंच धरली जातात. शिवाय विषय तुम्हाला येत असतो, मुलं पहिल्यांदा ऐकत असतात. वर्गात दाखवायचं ते एकदा तरी साध्या वेगाने, हातात कागद घेऊन बघा. थांबायच्या जागा मिनिट-सेकंदांसह लिहा आणि प्रत्येक थांब्याला एक प्रश्न ठेवा. तुकडा ५ मिनिटांचा असेल तर तासात त्याला १२ ते १५ मिनिटं धरा.

आवड. आपल्याला ज्या व्हिडिओने खिळवून ठेवलं तोच आपण मुलांसाठी निवडतो. खिळवतं काय? बहुधा संगीत, झटपट बदलणारी दृश्यं, निवेदकाचे विनोद. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या बहुमाध्यमी अध्ययनावरच्या (शब्द आणि चित्रं मिळून शिकण्यावरच्या) प्रयोगांत वारंवार दिसलं आहे की मुद्द्याशी संबंध नसलेला रंजक मजकूर आणि आवाज काढून टाकले की शिकणं सुधारतं. म्हणून आवडलेला व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा मुद्दा हाती लागला नाही, तर त्यात मुद्दा कमी आणि सजावट जास्त आहे. व्हिडिओ छोटेच हवेत याला आधार म्हणून २०१४ चा एक अभ्यास सांगितला जातो. ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख बघण्यांचं ते विश्लेषण होतं, आणि बघण्याच्या वेळेचा मध्यक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ६ मिनिटांच्या पुढे जात नव्हता. पण ते स्वेच्छेने, एकटे बसून बघणारे शिकणारे होते. 'मुलांचं लक्ष ६ मिनिटंच टिकतं' असं त्यातून निघत नाही, आणि वर्गात थांबवून प्रश्न विचारणारं माणूस हजर असतं.

मन. तासाच्या आधीच्या पाच मिनिटांत ग्रुप उघडला की तिथला वाद वर्गात आपल्याबरोबर येतो. वहीत हे दिसतं का बघा. दिसलं, तर बदल सोपा आहे: घंटेच्या १० मिनिटं आधी फोन कपाटात.

साठवण. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून सेव्ह केलेले व्हिडिओ, स्क्रीनशॉट, तारांकित मेसेज. त्यातला सर्वांत जुना काढून बघा. साठवताना एक ओळ लिहिलेली नसेल (कुठला धडा, कुठल्या मिनिटाला, कुणी बनवलंय) तर तो पुन्हा उघडला जात नाही.

आणि पडदा. प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावला की बाजूला तुमच्या सुचवण्या दिसतात आणि कोपऱ्यात तुमचे मेसेज. चाळीस मुलं आधी ते वाचतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये शिकवण्यासाठी वेगळं प्रोफाइल करा, त्यात स्वतःचं खातं उघडू नका, ऑटोप्ले बंद ठेवा, 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. परवानगी असेल तिथे व्हिडिओ आधी डाउनलोड करा. यूट्यूबवर बघितल्याचा इतिहास बंद करून जुनाही पुसला तर होमपेजवरच्या सुचवण्या थांबतात. ज्यांच्या वहीत 'स' फार आहेत त्यांनी दोन आठवडे हा प्रयोग करून बघावा, शोधून जायची सवय परत येते का ते कळतं.

बदल एकच

वही वाचून झाल्यावर दहा संकल्प सुचतात. एकच घ्या, तीन आठवड्यांसाठी, आणि 'अमुक झालं की तमुक करेन' अशा साच्यात लिहा. 'फॉरवर्ड तपासेन' हे ढोबळ झालं. 'मेसेजमधला आकडा वर्गात सांगावासा वाटला, की आधी त्याखाली स्रोत लिहीन; लिहिता आला नाही तर सांगणार नाही' हे पाळता येतं, आणि पाळलं की नाही हे टाचण बघून कळतं. सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल तर आमचं मत याच बदलाला आहे: टाचणात प्रत्येक बाहेरच्या गोष्टीखाली एक ओळ स्रोताची.

मुलांकडून करून घेताना

४० मिनिटांचे दोन तास पुरतात. पहिल्या तासाला आधी तुमच्याच वहीतलं एक पान दाखवा, खाजगी ओळी झाकून. मग मुलांनी एका दिवसाची वही घरी भरायची. रकाने तीनच: काय, किती वेळ, कशामुळे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी टीव्ही, रेडिओ, पोस्टर, दुसऱ्याच्या फोनवर डोकावून पाहिलेलं लिहावं. हे आधीच सांगा, नाहीतर ती मुलं खोटी नोंद करतात.

वही गोळा करू नका, गुण देऊ नका, 'कुणाचा वेळ सर्वांत जास्त' असं विचारू नका. विचारलंत की आकडे एकतर घसरतात नाहीतर शर्यत लागते. अनेक समाजमाध्यमांची किमान वयोमर्यादा १३ वर्षं आहे. लहान मुलं वहीत खरं लिहिणार असतील तर ती वही त्यांच्याचकडे राहायला हवी. एखाद्या मुलाने स्वतःहून काही गंभीर सांगितलं, समजा अनोळखी माणसाचे मेसेज किंवा चिडवणं, तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. शाळेत अशी गोष्ट कुणाकडे न्यायची, हे उपक्रमाच्या आधी ठरवून ठेवा.

दुसऱ्या तासाला मुलांनी वहीतली एकच गोष्ट निवडायची आणि माध्यम-शिक्षणातले जुने पाच प्रश्न तिला विचारायचे: हे कुणी बनवलं, लक्ष वेधायला काय केलं, दुसऱ्या कुणाला हे वेगळं वाटेल का, यात कोण आणि कुठली मतं आहेत अन् कोण गाळलंय, आणि हे का पाठवलं. चर्चा अडली तर तुमच्या पानावरची गोष्ट घ्या. मुलांच्या आवडीचं काही आलं आणि तुमच्या कपाळावर आठी पडली, तर ती आठी पाच सेकंदांत वर्गभर वाचली जाते आणि उरलेला तास मुलं तुम्हाला आवडेल ते बोलतात.

पुढच्या सत्रात पूर्ण आठवडा नको, तीन दिवसांची वही पुरे: दोन कामाचे, एक सुट्टीचा. त्याआधी पहिल्या पानावरचे चार अंदाज पुन्हा नव्याने लिहा, जुनं पान न उघडता.